‘कुठे लागलं नाही ना’ म्हणून घरी पाठवू नका : थर्मोबारिक अस्त्रं आणि स्फोटाच्या इजा

फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धाला तोंड फुटलं आणि ‘व्हॅक्यूम बॉम्ब’चे, म्हणजे थर्मोबारिक अस्त्रांचे, निरोप फोनाफोनी फिरू लागले. मे 2025 मध्ये आपल्याकडे सायरनचा सराव झाला, लगेच सीमेवर धुमश्चक्री झाली, आणि त्या निरोपांना पुन्हा ऊत आला. तेव्हापासून माझ्याकडे येणारी पत्रं फिरून फिरून त्याच चार-पाच शंकांची असतात. मी लष्कराच्या वैद्यकीय सेवेतला निवृत्त शल्यचिकित्सक आहे. बॉम्ब बनवण्यातलं मला कळत नाही, बॉम्बने माणसाचं काय होतं ते कळतं. त्या बेतानेच उत्तरं देतो. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : थर्मोबारिक म्हणजे छोटा अणुबॉम्बच, त्यातून किरणोत्सर्गही होतो, असं आमच्या गटात आलं आहे. खरं का? (नाशिक)

खोटं. अणुविखंडन नाही, किरणोत्सर्ग नाही. तो निरोप तुम्ही पुढे ढकलला असेल, तर खोटा असल्याचंही त्याच लोकांना कळवा.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. नेहमीच्या बॉम्बपेक्षा हे अस्त्र नेमकं वेगळं कसं? मिश्रणात काय काय असतं? कुठे वापरलं गेलं? (सातारा)

मिश्रणाचं सांगणार नाही. परीक्षेतही ते विचारत नाहीत. बाकीचं सांगतो.

नेहमीच्या स्फोटकात जळणारा पदार्थ आणि त्याला लागणारा ऑक्सिजन असे दोन्ही आतच बांधलेले असतात. थर्मोबारिक अस्त्रात वजनाचा मोठा वाटा इंधनाला दिलेला असतो आणि जळायला लागणारा ऑक्सिजन भोवतालच्या हवेतून घेतला जातो. त्यामुळे तेवढ्याच वजनात ऊर्जा जास्त निघते, आणि ती एका फटक्यात न निघता थोडी लांबते. हिशेब मिलिसेकंदांचाच आहे, पण शरीराला तो फरक कळतो. थोबाडीत बसणं वेगळं आणि दोन्ही हातांनी भिंतीशी रेटून धरणं वेगळं. दाबाचं टोक एखादे वेळी कमीच असेल, पण दाब टिकतो जास्त. शिवाय तो वळणांवरून, फटींतून आत शिरतो. गोळ्याचे तुकडे सरळ जातात, वाळूच्या पोत्यात अडकतात. दाबाची लाट खंदकाच्या कोपऱ्यावर वळते. म्हणूनच हे अस्त्र मोकळ्या मैदानापेक्षा गुहा, बंकर, तळघरं आणि इमारतींवर वापरलं जातं.

इंधन हवेत पसरवून पेटवणारे बॉम्ब अमेरिकेने व्हिएतनाममध्ये वापरले. सोव्हिएत फौजांनी 1980 च्या दशकात अफगाणिस्तानात, रशियाने 1999-2000 मध्ये चेचन्यातल्या ग्रोझ्नीत आणि अमेरिकेने मार्च 2002 मध्ये अफगाणिस्तानातच गर्देझजवळच्या डोंगरातल्या गुहेवर या जातीची अस्त्रं टाकली. मार्च 2022 मध्ये ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने सांगितलं, की युक्रेनमध्ये टीओएस-1ए वापरल्याचं रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने मान्य केलं आहे. टी-72 रणगाड्याच्या सांगाड्यावर 24 नळ्यांचा पेटारा बसवलेली, 220 मिलिमीटरची रॉकेटं सोडणारी ही गाडी. एका सैनिकाने खांद्यावरून डागायचं ‘श्मेल’ हे रशियाचंच. तेव्हा हे अस्त्र म्हणजे विमानातून पडणारा भला मोठा बॉम्बच असतो, ही समजूत उत्तरात लिहू नका.

प्रश्न : हा बॉम्ब हवा शोषून घेतो आणि माणसाची फुफ्फुसं तोंडावाटे बाहेर ओढून काढतो, असं एका निवृत्त अधिकाऱ्याने वाहिनीवर सांगितलं. तुम्ही असं काही पाहिलं आहे का? (कोल्हापूर, सोलापूर, बडोदा आणि इतर)

नाही. आणि दिसणारही नाही.

ही समजूत आली कुठून तेही सांगतो. अमेरिकेच्या संरक्षण गुप्तचर खात्याच्या 1993 च्या एका अभ्यासात असं म्हटलं होतं, की दाबाच्या लाटेपेक्षाही तिच्या मागून येणारी पोकळी फुफ्फुसं फाडते. ग्रोझ्नीच्या काळात एका मानवी हक्क संघटनेने ते वाक्य उद्धृत केलं, आणि तेव्हापासून प्रत्येक युद्धात तेच वाक्य नव्याने बातमीत येतं. वाहिन्यांवरच्या मंडळींना त्याहून जुनं किंवा नवं काही वाचायला वेळ नसावा.

साधा हिशेब करा. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब दर चौरस इंचाला सुमारे 14.7 पौंड. हवा सगळीच्या सगळी काढून घेतली तरी दाब तेवढाच उतरेल, कारण शून्याखाली दाब जात नाही. स्फोटामागून येणाऱ्या पोकळीत प्रत्यक्षात त्याचाही काही अंशच उतरतो. उलट, आधी येणाऱ्या लाटेच्या दाबाला अशी मर्यादा नाही. तो कित्येक पट चढू शकतो. कानाचा पडदा फाटायला वाढीव 5 पौंडांच्या आसपास पुरतात. फुफ्फुसाची इजा साधारण 15 च्या पुढे सुरू होते, आणि दाब जास्त वेळ टिकला तर त्याआधीही. म्हणजे इजा होते ती आधीच्या रेट्याने. पोकळी मागून येते तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

फुफ्फुसं शरीरातच असतात. त्यांच्या आत रक्तस्राव होतो, हवेच्या लाखो बारीक पिशव्या आणि त्यांच्याभोवतीच्या केशवाहिन्या फाटतात. हे पुरेसं भयानक आहे. त्यावर तिखटमीठ लावायची गरज नाही.

याच प्रश्नाला जोडून दोघांनी विचारलं आहे, की ऑक्सिजन संपून माणसं गुदमरतात का. बंद तळघरात ऑक्सिजन घटतो हे खरं. पण तिथे त्याच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड असतो, तापलेला वायू असतो, छपराखाली दबलेला देह असतो. मोकळ्यावर हवा क्षणात परत भरते.

प्रश्न : ‘डेझी कटर’ आणि ‘मदर ऑफ ऑल बॉम्ब्स’ हे थर्मोबारिकच ना? (पुणे)

दोन्ही नाहीत. दोन्ही नेहमीच्याच स्फोटकाचे, फक्त अवाढव्य. दुसरा 13 एप्रिल 2017 ला अफगाणिस्तानात नंगरहार प्रांतात टाकला, त्यात सुमारे साडेआठ टन स्फोटक होतं. रशियाने सप्टेंबर 2007 मध्ये चाचणी केलेला मोठा बॉम्ब मात्र थर्मोबारिक असल्याचं रशिया सांगते. 44 टन टीएनटी स्फोटकाइतका जोर हाही रशियाचाच दावा.

प्रश्न : यावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे ना? मग वापरणाऱ्यावर खटला का होत नाही? (अमरावती)

या अस्त्रावर नाव घेऊन बंदी घालणारा एकही करार नाही. 1980 च्या पारंपरिक अस्त्रांच्या कराराला जोडलेला तिसरा पूरक करार आगलाव्या अस्त्रांबद्दल आहे. पण तो पूरक करार मुख्यत्वे आग लावण्यासाठीच बनवलेल्या अस्त्रांना लागू होतो. ज्यांत स्फोट, छिद्र आणि आग असे एकत्र परिणाम साधलेले असतात, त्यांतली बरीचशी त्यातून सुटतात, आणि थर्मोबारिकचे पाठीराखे याच पळवाटेवर बोट ठेवतात. उरतो तो सर्वसाधारण नियम, की नागरिक आणि लढणारे यांत फरक केलाच पाहिजे. ज्या अस्त्राचा दाब भिंतींआडून तळघरात पोचतो, ते भरवस्तीत डागून हा फरक पाळला जाईल, यावर माझा विश्वास नाही. खटल्याचं मात्र आंतरराष्ट्रीय कायद्याच्या जाणकाराला विचारा. तो माझा प्रांत नाही.

प्रश्न : भारताकडे आहे का? नागपूरच्या कंपनीने बनवलेल्या नव्या स्फोटकाची बातमी वाचली. तिचा शेअर घ्यावा का? (इचलकरंजी)

आहे. अर्जुन रणगाड्याच्या 120 मिलिमीटर तोफेसाठी थर्मोबारिक गोळा पुण्याच्या पाषाणमधल्या दोन डीआरडीओ प्रयोगशाळांनी मिळून विकसित केला, आणि ओडिशातल्या चांदीपूरला त्याच्या चाचण्या झाल्या. ही माहिती जानेवारी 2014 पासून जाहीर आहे, तेव्हा कुणी ‘गुप्त बातमी’ म्हणून विकत असेल तर घेऊ नका.

शेअरचं मला विचारता? सेबीकडे नोंद असलेल्या सल्लागाराला विचारा. ‘दुप्पट शक्तीचा बॉम्ब, म्हणून शेअरही दुप्पट’ अशी चिठ्ठी पाठवणारा बहुधा स्वतःचे शेअर विकायला बसलेला असतो.

प्रश्न : माझा भाचा रासायनिक कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. शेडमध्ये स्फोट झाला तेव्हा तो आतच होता. शेजारचा कामगार जागीच गेला. भाच्याला खरचटण्यापलीकडे काही नाही. कान गुणगुणतात, थोडा खोकला आहे. ठेकेदाराने एका छोट्या दवाखान्यात नेलं. तिथे कानात बॅटरी मारून ‘पडदे शाबूत आहेत’ म्हणाले, इंजेक्शन दिलं आणि घरी सोडलं. आता दोन दिवसांनी पोट दुखतंय. गॅस झाला असेल का? युद्धातल्या बॉम्बशी याचा संबंध नाही, पण तुम्ही या विषयावर लिहिता म्हणून विचारलं. (रायगड)

याचं उत्तर पत्र हातात पडताच फोनवर दिलं होतं : लगेच उठा, सीटी स्कॅन आणि सर्जन दोन्ही असलेल्या रुग्णालयात न्या. नेलं. पुढचं तिथले डॉक्टर पाहतील. इथे लिहितो ते बाकीच्यांसाठी. लांबण लागेल, पण माझ्या दृष्टीने या सदरातला खरा प्रश्न हाच आहे.

संबंध नाही असं म्हणू नका. बंद शेडमध्ये द्रावकाची (सॉल्व्हंटची) वाफ किंवा बारीक भुकटी हवेत मिसळली आणि ठिणगी पडली, की जे होतं त्याचं भौतिकशास्त्र रणांगणावरच्या इंधनाच्या ढगासारखंच असतं. तिथे ते मुद्दाम घडवतात, इथे ते हलगर्जीपणाने घडतं. शरीराला हेतू कळत नाही.

पहिली गोष्ट, बंद जागा. मोकळ्यावर लाट पसरते आणि झपाट्याने उतरते. चार भिंतींत ती भिंतीवर आपटून परत येते, कोपऱ्यात दोन-तीन परतलेल्या लाटा एकमेकींवर चढतात, आणि दाब जिरायला वेळ लागतो. इस्राएलमधल्या डॉक्टरांनी 1996 मध्ये चार बॉम्बहल्ल्यांतल्या जखमींची तुलना प्रसिद्ध केली, दोन मोकळ्या जागेतले आणि दोन बसमधले. मोकळ्यावर मृत्यूचं प्रमाण 7.8 टक्के, बसमध्ये 49 टक्के. म्हणून स्फोटातून वाचलेल्या माणसाला माझा पहिला प्रश्न ‘कुठे लागलं?’ हा नसतो. ‘कुठे उभा होतास? आत की बाहेर? भिंतीपासून किती लांब?’ हा असतो. तुमच्या भाच्याला हे कुणी विचारलं नसणार.

दुसरी गोष्ट, दाब कुठे मारतो. हाडाला, स्नायूला तो फारसं करत नाही. जिथे मांस आणि हवा यांची हद्द लागते तिथे तो फाडतो. अशा जागा तीन : कान, फुफ्फुस, आतडी. कातडीवर ओरखडाही न येता आत हे तिन्ही फाटलेले असू शकतात. ‘बाहेरून धडधाकट’ या शब्दांना स्फोटाच्या बाबतीत काहीही अर्थ नाही.

तिसरी गोष्ट, ज्यावर मी गेली कित्येक वर्षं डोकं फोडतो आहे. पडदे शाबूत म्हणजे फुफ्फुस शाबूत, हा हिशेब चुकीचा आहे. पूर्वी तो पाठ्यपुस्तकांतही होता, म्हणून जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अजून बसला आहे. मार्च 2004 मध्ये माद्रिदच्या आगगाड्यांत स्फोट झाले, तेव्हा फुफ्फुसाला गंभीर इजा झालेल्यांतल्या काहींचे पडदे अजिबात फाटलेले नव्हते. डोकं कुठल्या बाजूला वळलं होतं, कानात मळ होता का, टोपी होती का, अशा फुटकळ गोष्टींवर पडदा वाचतो. बॅटरीने कान बघून छातीचा निकाल देता येत नाही.

फुफ्फुसाची इजा दिसते कशी? सेवेत असताना उडवलेल्या बंकरमधून बाहेर काढलेला एक जवान स्ट्रेचरवर उठून बसला होता, चहा मागत होता. जखम नाही, रक्त नाही. पण वाक्य तीन-तीन शब्दांत तोडून बोलत होता. दोन्ही तळहात मांड्यांवर रोवून पुढे वाकला होता. खोकल्यावर रुमालाला लागलं ते फेसाळ, गुलाबी. नाडी धावायला हवी होती, ती हळू चालली होती, कारण छातीवरच्या धक्क्याने तसंही होतं. एक्स-रेमध्ये छातीच्या मधोमधून दोन्हीकडे पांढरे पंख पसरलेले. चहा दिला नाही. काही तासांत तो व्हेंटिलेटरवर होता. वाचला, कारण तो रुग्णालयात होता.

व्हेंटिलेटरचंही कौशल्य असतं. फाटलेल्या पिशव्यांत जोराने हवा कोंबली तर तिचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात. सलाइनच्या बाटल्या हात सैल सोडून चढवल्या तर फुफ्फुसात पाणी भरतं. हवेच्या बुडबुड्यांच्याच धोक्याने अशा रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय विमानाने हलवू नका, श्रीमंत नातेवाइकांनी एअर ॲम्ब्युलन्स पाठवली तरी.

आणि आतडी. त्यांच्या भिंतीत आधी नुसता रक्ताचा साका होतो. ती जागा सडत जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी त्याहून उशिरा, भोक पडतं. स्फोटानंतर दोन दिवसांनी दुखणारं पोट हे गॅसचं समजायचं नाही. ओवा, हिंग, सोडा काही द्यायचं नाही. तोंडाने काहीच द्यायचं नाही. सरळ सर्जन.

आता ठेकेदाराबद्दल. मोठ्या रुग्णालयात नेलं की पोलिसांत नोंद होते, कारखान्याचा निरीक्षक येतो, कामगाराचा राज्य विमा भरला होता का हे उघडं पडतं. म्हणून चालता येणाऱ्या कामगाराला ओळखीच्या दवाखान्यात नेऊन, हातावर दोन हजार टेकवून गावी पाठवायची ही चाल नवी नाही. गावी पोचेपर्यंत त्याचा श्वास लागतो, आणि मग तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून मुंबईला अशी वरातीमागून घोडी धावतात. बंद जागेतल्या स्फोटातून बाहेर आलेल्या प्रत्येकाला, लागलेलं असो वा नसो, छातीचा एक्स-रे, बोटाला ऑक्सिमीटर आणि काही तास निरीक्षण, एवढं मागून घ्या. किती तास ते तिथले डॉक्टर ठरवतील. बाई गरोदर असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय सोडू नका. बाळ पाण्यात सुरक्षित असलं तरी वार सुटू शकते.

प्रश्न : स्फोटाच्या आवाजाने कानात दडा बसला आहे. लसणीचं तेल कोमट करून घातलं तर चालेल का? (परभणी)

नाही. तेल, पाणी, बड, गोमूत्र, शेजारणीचे थेंब, काहीही नाही. पडदा फाटला असेल तर ते सगळं थेट मधल्या कानात जातं आणि पू होतो. कान कोरडा ठेवा, नाक जोराने शिंकरू नका. लहान भोक बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप भरतं. पण ऐकूच येत नसेल तर ती आतल्या नसेची इजा असू शकते, आणि तिचे उपचार पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू झाले तर आशा जास्त असते. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे आजच जा, सोमवारची वाट नको.

प्रश्न : सरावात सांगितलं की सायरन झाल्यावर आडवं पडा, कान झाका, तोंड उघडं ठेवा. याला काही अर्थ आहे की उगाच? (ठाणे)

अर्थ आहे. आडवं पडल्याने लाटेपुढे शरीर कमी येतं आणि उडणारे तुकडे वरून जातात. तोंड किंचित उघडं ठेवणं ही जुनी लष्करी सवय. त्याने पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला थोडी मदत होते, चमत्कार होत नाही. छाती भरून श्वास मात्र रोखून धरू नका.

याहून मोठी गोष्ट म्हणजे खिडकी. लांब कुठे झगमगाट दिसला, की माणूस काय आहे ते पाहायला काचेशी जातो. प्रकाश आधी पोचतो, दाब मागून येतो. लेबनॉनमधल्या बैरुतच्या बंदरात 4 ऑगस्ट 2020 ला प्रचंड स्फोट झाला, त्याआधी धूर-आग पाहायला, चित्रण करायला कितीतरी लोक काचेमागे उभे होते. फेब्रुवारी 2013 मध्ये रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली तेव्हाही दीड हजारांच्या आसपास जखमींत बहुतेकांना काचाच लागल्या. उजेड दिसला की खिडकीपासून लांब, खाली. डोळ्यात काच गेली तर चोळू नका, ओढू नका. वरून वाटी किंवा कागदी कप उपडा ठेवून नेत्रतज्ज्ञाकडे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एक विक्रेता ‘थर्मोबारिकलाही दाद न देणारी’ बॉम्बप्रूफ फिल्म काचांना लावून देतो म्हणतो. चौरस फुटाला दर बराच आहे. घ्यावी का? (मुंबई उपनगर)

‘थर्मोबारिकलाही’ हे शब्द ऐकल्यावर त्याला चहा पाजून वाटेला लावायला हवं होतं. फिल्मने काच फुटायची थांबत नाही. फुटल्यावर तिचे सुरे सुटे उडत नाहीत, एवढाच तिचा उपयोग, आणि तोही फिल्म चौकटीत कडेने नीट धरून बसवली असेल तर. नुसती मधल्या काचेवर चिकटवली तर अख्खी काच फिल्मसकट आत येते, आणि ती जास्त जड असते. चौकटच ॲल्युमिनियमची पातळ असेल तर पैसे पाण्यात. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला इमारत दाखवा. त्याची फी त्या फिल्मच्या बिलापेक्षा कमी असेल. रात्री पडदे जाड लावा, बिछाना काचेखालून हलवा. याला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : स्वयंपाकाचा गॅस घरात साठून भडका उडतो तो असाच प्रकार का? ‘सिलिंडर फुटला’ म्हणतात तो हाच? (जळगाव)

तत्त्व तेच, मोजमाप लहान. बहुतेक वेळा सिलिंडर फुटलेलाच नसतो. घरात साठलेला गॅस हवेत मिसळून भडकतो, भिंत पडते, आणि सिलिंडर कोपऱ्यात तसाच उभा सापडतो. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो, म्हणून उभ्या माणसाला वास उशिरा येतो. वास आला की दिवा लावायचा नाही, चालू असलेला बंदही करायचा नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि बाहेर गेल्यावर 1906 ला फोन.

भाजल्यावर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं. टूथपेस्ट, शाई, बटाट्याचा कीस, बर्फ नको. नाकातले केस जळलेले दिसले, थुंकीत काजळी आली किंवा आवाज बसला, तर भाजलेलं कितीही थोडं वाटो, तातडीने रुग्णालय गाठा. घसा आतून सुजतो आहे आणि थोड्या वेळाने नळी घालायलाही जागा उरणार नाही.

प्रश्न : मुलाला एजंट रशियात ‘गोदामात मदतनीस’ म्हणून नेतो म्हणतो. पगार दोन लाख, लढाईशी संबंध नाही अशी लेखी हमी. पाठवावं का? (सांगली)

पाठवू नका. अशाच हमीवर गेलेले भारतीय तरुण आघाडीवरच्या खंदकात पोचले. काही परतलेच नाहीत. मार्च 2024 मध्ये सीबीआयने अशा एजंटांवर गुन्हे नोंदवले, परराष्ट्र मंत्रालयाने वारंवार इशारे दिले. खंदक, तळघर, बंद खोली या जागा त्या युद्धात कशासाठी निवडल्या जातात ते वर लिहिलंच आहे. एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा, आणि परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीच्या मुंबईतल्या सरकारी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयात कागद दाखवा. तो तिथे यायला टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालंच.

प्रश्न : गॅस मास्क घेऊन ठेवू का? (वाशिम)

थर्मोबारिकसाठी? नको. दाब मास्कने अडत नाही.

प्रश्न : मुलगी खार्किव्हला वैद्यकीय शिकत होती, 2022 मध्ये तळघरात आठवडा काढून परत आली. शिक्षण इथे मार्गी लागलं, पण फटाका वाजला की अजून टेबलाखाली जाते, रात्री झोपत नाही. घरचे म्हणतात, लग्न झालं की विसरेल. (लातूर)

लग्न हे औषध नाही, आणि नवऱ्याला ते काम देऊ नका. स्फोटाच्या धक्क्यानंतर वर्षानुवर्षं टिकणारी ही अवस्था मानसोपचारतज्ज्ञांना नीट ओळखता येते आणि तिच्यावर उपचार आहेत, बोलण्याचेही आणि गोळ्यांचेही. तिने तळघरात असताना स्फोट फार जवळून अनुभवला होता का, तेव्हा शुद्ध हरपली होती का, त्यानंतर डोकेदुखी किंवा विसराळूपणा आहे का, हेही विचारा. होय असेल तर न्यूरॉलॉजिस्टलाही एकदा दाखवा. लातूरला तज्ज्ञ आहेत. तिथवर जायला ती तयार नसेल तर आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोलू द्या. फोन मराठीतून घेतात. तिला एकटीलाच बोलू द्या, खोलीत मावशी-आत्या बसवून नको.